ठमाक्काची गेरूची भिंत

तुमची एखादी वस्तू कधी हरवली आहे का? आणि ती शोधायला लागलात तेव्हा तुम्ही आधी कोपरे पाहिलेत, की आधी शेजारच्या माणसाचं तोंड पाहिलंत? उत्तर मोठ्यानं देऊ नका, मनातच ठेवा. घडसोली गावात हा प्रश्न फार जपून विचारतात. तिथे एकदा त्याचं उत्तर चुकलं, आणि एक माणूस नदीपलीकडे निघून गेला.

ही गोष्ट घाट बांधायच्या वेळची. तेव्हा नदीत उतरायला नुसती निसरडी दरड होती. बायका पाण्याला जायच्या आणि दर वर्षी एखादी घागरीसकट घसरायची. शेवटी आसपासच्या गावांनी मिळून ठरवलं, की काळ्या दगडाचा पक्का घाट बांधायचा, वर ओवऱ्या बांधायच्या आणि नावा लागायला धक्का करायचा. लांबलांबून पाथरवट आले, गवंडी आले, सुतार आले. चुना मळायच्या घाणीला बैल जुंपले. नदीकाठी पालांचं एक गावच उभं राहिलं.

एवढी माणसं आली म्हणजे एवढी हत्यारंही आली. छिन्न्या, हातोडे, घण, पहारी, थाप्या, काटकोन पाहायचे गुणे, करवती. आणि हत्यारं आली की ती हरवणंही आलंच. तेव्हा लोखंड आजच्यासारखं सहज मिळत नसे. चांगली पाणी दिलेली छिन्नी म्हणजे पाथरवटाचा उजवा हात. एक छिन्नी नाहीशी झाली, की एक माणूस दिवसभर हात चोळत बसायचा आणि संध्याकाळी पालापालांत भांडण पेटायचं. माझी तू नेलीस, तुझी मी कशाला नेऊ, काल तुझ्या पोत्यात काय खणखणत होतं. कधी खरंच चोरी व्हायची, कधी नुसता विसरभोळेपणा असायचा. पण भांडण दोन्हीचं सारखंच.

तेव्हा दौलती मुकादमानं एक खोपी बांधून घेतली, तिच्या भिंती चुन्यानं सारवल्या, आणि सगळी हत्यारं तिथे ठेवायला लावली. ती सांभाळायला त्यानं ठमाला बसवलं. ठमा म्हणजे सुभाना गवंड्याची बायको. ती गवंड्याचीच लेक होती, हत्यारांत वाढलेली. घाटावर चाळीस छिन्न्या एकदम वाजत असल्या, तरी डोळे मिटून ती सांगायची, की हा आवाज लिंबाजीचा, हा मसूचा, आणि या तिसऱ्याच्या छिन्नीला आता धार लावायला हवी. कुणी काय नेलं, केव्हा नेलं, कोणत्या हातानं उचललं, सगळं तिच्या ध्यानात असायचं. लक्षात ठेवायला तिला खूण लागत नसे की गाठ लागत नसे. ठमाची आठवण कधी चुकत नाही, असं सगळा घाट म्हणायचा. तिलाही ते ऐकायला आवडायचं.

सुभाना कोपऱ्याचा गवंडी होता. भिंतीचा कोपरा ज्याच्या हातात देतात तो गवंड्यांत मोठा, कारण कोपरा ढळला की सगळी भिंत ढळते. कामावर पितळेचा एक मोठा ओळंबा होता. दोरीला बांधलेलं ते वजन सोडलं, की भिंत सरळ आहे की कलली आहे ते तिथल्या तिथे कळायचं. दुसरे लहानसहान ओळंबे होते, पण या ओळंब्यावर सगळ्यांचा विश्वास. तो रोज सकाळी ठमा सुभानाच्या हातात द्यायची आणि रोज संध्याकाळी सुभाना ठमाच्या हातात द्यायचा. दिवसभरात दोघांची भेट तेवढीच. देताना बोटाला बोट लागायचं. त्या दोघांचा संसार त्या दोरीला बांधलेला होता, असं जुन्या बायका सांगतात.

आणि एक दिवस ओळंबा परत आला नाही.

सूर्य कलला होता. माणसं हात धुवून खोपीपुढे जमली होती. दौलती मुकादमानं सरळ विचारलं, ओळंबा शेवटी कुणी नेला? सगळ्यांनी ठमाकडे पाहिलं. ठमा तेव्हाच्या चालीप्रमाणे नवऱ्याचं नाव घेत नसे. ती म्हणाली, "सकाळी ह्यांच्या हातात दिला. परत माझ्या हातात आला नाही."

ते खरंच होतं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

सुभाना म्हणाला, की दुपारी कोपऱ्यावर लावला होता, तेवढ्यात वरचा दगड दोरातून सुटायला लागला, सगळे ओरडले, तो हात द्यायला धावला. नंतर येऊन पाहिलं तर ओळंबा नव्हता. त्याला वाटलं, कुणीतरी खोपीत नेऊन दिला असेल. दौलती मुकादम त्याला चोर म्हणाला नाही. तो फक्त म्हणाला, "ठमाची आठवण चुकत नाही बाबा." आणि लिंबाजी पाथरवट, ज्याला दर दोन वाक्यांमागे कुणाची तरी थट्टा केल्याशिवाय चैन पडत नसे, तो मागून बोलला, "सुभानाचं पाल कललंय. सरळ करायला नेला असंल."

माणसं हसली. दिवसभर दगड फोडून थकलेली माणसं अशा बोलण्याला हसतातच.

सुभाना हसला नाही. त्यानं ठमाकडे पाहिलं. तिनं आणखी एकच वाक्य बोलायला हवं होतं. हा माणूस नेणार नाही, एवढंच. पण तिला विचारलं होतं ते, कुणी नेला. त्याचं उत्तर तिनं देऊन झालं होतं. ती गप्प राहिली. सुभानानं हातावरचा चुना झटकला, आपली थापी तिथेच ओट्यावर ठेवली, आणि संध्याकाळच्या नावेत जाऊन बसला. नावाड्यानं विचारलं, आता कुठे? तो म्हणाला, "पलीकडं."

ठमाला वाटलं, राग उतरला की येईल. दुसऱ्या दिवशी आला नाही. आठवड्यानं आला नाही. पलीकडच्या काठावर तेव्हा नुसतं रान होतं आणि रानातून एक पायवाट दूर डोंगरातल्या घाटमाथ्याकडे जायची. त्या वाटेनं पुष्कळ माणसं आली, त्यांत सुभाना नव्हता.

सहा महिने गेले. सुभाना त्या दिवशी बांधत होता, धक्क्याच्या त्याच कोपऱ्यात नाव बांधायची लोखंडी कडी बसवायची होती. त्यासाठी वरचा एक दगड उचलावा लागला. पाथरवटांनी पहारी घालून दगड सरकवला, आणि आतल्या चुन्यात एक दोरी दिसली. दोरीच्या मागे खरवडत गेले. हातभर खाली, दोन दगडांच्या मधल्या भरावात, पितळेचा ओळंबा उभा होता. सगळीकडून चुना आणि खडी घट्ट बसली होती, पण ओळंबा सरळ होता. सुभानानं लावला तसाच. भिंत केसभरही ढळलेली नव्हती.

घाटावरच्या सगळ्या छिन्न्या थांबल्या. तो भराव कुणी घातला होता ते कुणी विचारलं नाही. लिंबाजी स्वतःच खाली बसला. दगड सुटायला लागला होता त्या गडबडीत, पोकळी उघडी राहू नये म्हणून घाईघाईनं चुना आणि खडी त्यानंच लोटली होती आणि वर दगड ठेवून दिला होता. आत काय लटकतंय ते पाहिलं नव्हतं. बांधकामावर अशा चुका होतात. थापी भिंतीत जाते, चष्मा भिंतीत जातो, जेवणाचं फडकंसुद्धा भिंतीत जातं. भिंत सगळं पोटात घेते आणि गप्प राहते. पण या वेळी भिंतीच्या पोटात एका माणसाचा खरेपणा गेला होता.

लिंबाजी ओळंबा घेऊन ठमाकडे गेला. त्यानं तो तिच्या पुढ्यात ठेवला. ठमानं पदरानं चुना पुसला. ती रडली नाही. तिनं विचारलं, "गेरू आहे का कुणाकडं?"

मग तिनं काय केलं ते ऐका. खोपीच्या पांढऱ्या भिंतीवर तिनं एकेक हत्यार धरलं आणि त्याच्या कडेनं गेरूनं रेघ ओढली. छिन्नीच्या जागी छिन्नीचा आकार, हातोड्याच्या जागी हातोड्याचा, करवतीचे दातसुद्धा एकेक करून काढले. प्रत्येक आकारात एक खुंटी ठोकली. म्हणाली, माझी आठवण आजपासून कुणी विचारायची नाही. हत्यार जागेवर नसलं, तर भिंत सांगेल. आणि भिंत कुणाचं नाव घेत नाही.

त्याच दिवशी तिनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. रोज शेवटचा चुना लावायच्या आधी हत्यारांची हाक होईल. हाक पुरी झाल्याशिवाय एकही पोकळी बुजवायची नाही. आणि एखादं हत्यार मिळालं नाही, तर कुणी नेलं असं विचारायचं नाही. कुठं असेल, असं विचारायचं. मग मुकादमापासून घाणीच्या बैलवाल्यापर्यंत सगळ्यांनी शोधायचं. सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. दौलती मुकादमानं मान हलवली.

तेव्हापासून रोज दिवस कलला, की ठमाचा आवाज घाटावर घुमायचा.

"लिंबाजीची छिन्नी?"

"आली."

"मसूचा हातोडा?"

"आला, आला."

असं करत करत ती भिंतीच्या टोकाशी यायची. तिथे ओळंब्याचा आकार होता आणि त्यात तो पितळेचा ओळंबा टांगलेला होता. त्याला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. कामाला दुसरा मागवून घेतला. त्या खुंटीपाशी आली, की ती थांबायची. नाव घ्यायची वेळ असायची आणि ते नाव ती घेत नसे. सगळा घाट थांबायचा. बैलांच्या गळ्यातल्या घंटा थांबायच्या. नदीचं पाणी तेवढं ऐकू यायचं. मग ती पलीकडच्या काठाकडे एकदा पाहायची आणि दार लावून घ्यायची.

इतरांची हत्यारं संध्याकाळी परत आली नाहीत तर तिला घोर लागायचा. या एका हत्याराचं उलटं होतं. ते कधी सकाळी कुणी न्यायला येत नव्हतं.

वर्षं गेली. घाट पायरी पायरीनं वर येत गेला. ठमाची ठमाक्का झाली. असं म्हणतात, की ती गेरूची भिंत पावसानं कधी धुतली गेली नाही. छप्पर उडालं, दोन दिवस सरी आत येत राहिल्या, चुना ओघळला, पण रेघा जशाच्या तशा. असंही म्हणतात, की एकदा दूरच्या गावचा एक माणूस खोपीतला घण उचलून घेऊन गेला. घरी जाऊन पाहतो तर तळहातावर घणाचा गेरूचा आकार उमटलेला. त्यानं राखेनं घासला, शिकेकाईनं घासला, आकार जाईना. भाकरी खायला हात पुढे केला की बायको विचारायची, हे काय. शेवटी तो घण घेऊन परत आला. ठमाक्कानं त्याचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "जागेवर टांग," म्हणाली, "आणि दमला असशील, पाणी पी." त्यानं घण टांगला, पाणी प्यायला तळहात पुढे केला, तो स्वच्छ होता. तोच माणूस पुढे त्या घाटाचा सगळ्यात इमानी बिगारी झाला, असं सांगतात.

बाराएक वर्षांत त्या घाटावर एक खिळा हरवला नाही. लांबलांबचे मुकादम ती भिंत पाहायला यायचे आणि ठमाक्काचं कौतुक करायचे. ती ऐकून घ्यायची. कुणी कौतुक करायला लागलं की तिची नजर नदीपलीकडे जायची. संध्याकाळची नाव काठाला लागली, की ती उतरणाऱ्या माणसांचे चेहरे नाही, चाल पाहायची. कोपऱ्याचा गवंडी चालताना जरा थांबून थांबून चालतो, जणू प्रत्येक पाऊल ओळंब्यात घेतोय. तशी चाल कुणाची नसायची.

लिंबाजी तिला कधी कधी म्हणायचा, की मी जाऊन बघू का पलीकडं? तो मनापासून म्हणायचा, पण दर वेळी ती नको म्हणायची. ते आपणहून गेलेत, आपणहून येतील. मी इथून हलले आणि नेमके तेव्हाच आले, तर खोपीत कोण दिसायचं त्यांना?

घाट पुरा व्हायला आला तेव्हाची गोष्ट. वरच्या ओवरीचं शेवटचं काम चाललं होतं. त्या दिवशी हाक चालू असताना लिंबाजीची बारीक छिन्नी मिळेना. नक्षीची, बोटभर लांबीची. लिंबाजी आता म्हातारा झाला होता, त्याला नीट दिसतही नव्हतं. तो म्हणाला, "जाऊ दे गं ठमाक्का, केवढीशी ती. आता मला तरी कुठं नक्षी काढायचीय?" पण नियम तो नियम. सगळे वाकले. पायऱ्या झाडल्या, खडी चाळली, गवत बोटांनी विंचरलं. नावाडी नाव बांधून शोधायला आला. पाण्याला आलेल्या बायका घागरी ठेवून शोधायला लागल्या. पार दिवस मावळायला आला तेव्हा एका बाईला ती गवताच्या मुळाशी सापडली. सगळ्यांना असा आनंद झाला, की जणू हरवलेली गाय वासराकडे परत आली. लिंबाजीनं छिन्नी कपाळाला लावली.

ठमाक्का मात्र दाराशी उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. लिंबाजीनं विचारलं, काय झालं? तेव्हा ती जे बोलली ते घडसोलीत अजून सांगतात.

"बोटभर लोखंडासाठी आपण गवताची काडी न काडी बाजूला केली, लिंबाजीदादा. आणि एवढा माणूस गेला, त्याला शोधायला मी एक पाऊल टाकलं नाही. नुसतं दार उघडं ठेवलं."

लिंबाजी म्हणाला, "चूक माझी होती."

"भराव तुझा होता," ती म्हणाली. "गप्प मी राहिले."

मग ती आत गेली आणि राहिलेली हाक पुरी करायला लागली. एकेक नाव, एकेक हत्यार. ओळंब्याच्या खुंटीपाशी आली. घाट रोजच्यासारखा थांबला. नदीचं पाणी ऐकू यायला लागलं. आणि त्या दिवशी ठमाक्कानं नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

"सुभानाचा ओळंबा?"

वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. तरी असं म्हणतात, की खुंटीवरचा तो ओळंबा हलला. आधी थरथरला, मग हळूहळू एका बाजूला झुकला आणि तसाच तिरका राहिला. जन्मभर सरळ राहिलेला ओळंबा. सगळ्यांनी दारातून पाहिलं. तो पलीकडच्या काठाकडे झुकला होता, अगदी जिथून ती पायवाट सुरू होते तिकडे. दौलती मुकादमानं डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं.

पुढे सुभाना भेटला की नाही, याबद्दल माणसं वेगवेगळं सांगतात. घाटमाथ्यावरून येणारे वाटसरू सांगायचे, की वर एका खाणीपाशी कातळावर गेरूनं काढलेल्या हत्यारांच्या आकृती आहेत आणि त्यांत ओळंब्याची आकृती दोनदा आहे. आणखी वरच्या एका खेड्यातले लोक सांगायचे, की आमच्या देवळाचा कोपरा एका म्हाताऱ्यानं बांधला आणि त्याला हत्यार हातात द्यायला एक म्हातारी होती, दोघं फार बोलत नसत. कुणी म्हणतात, ती अजून शोधते आहे, आणि भर दुपारी रानात कुठे छिन्नीचा आवाज आला आणि एकदम थांबला, तर समजावं, ठमाक्का ऐकते आहे, की हा कुणाचा हात. मी हे सगळं माझ्या आत्याकडून ऐकलं, आणि आत्याला यातलं कोणतं खरं वाटायचं ते तिनं मला कधी सांगितलं नाही.

घडसोलीत आजही कुठलं बांधकाम निघालं, मग ते देवळाचं असो, शाळेचं असो, कुणाच्या घराचं असो, आधी एका फळीवर गेरूनं हत्यारांचे आकार काढतात. आता त्यात ड्रिलचाही आकार असतो आणि लेव्हलच्या पट्टीचाही. संध्याकाळी हाक होते. हाक संपली, की सगळे कामकरी एक श्वासभर गप्प उभे राहतात. काही हरवलं तर कुणी नेलं असं कुणी विचारत नाही. आणि एखादा गडी बोलणं लागून काम सोडून गेला, तर त्याची वाट पाहत बसत नाहीत. सकाळी पहिला दगड बसवण्याआधी दोन माणसं त्याच्या दारात जाऊन उभी राहतात. याला तिथे ठमाक्काचं जाणं म्हणतात. तो आला नाही, तर परत दुसऱ्या दिवशी जातात.

तिचं स्वतःचं जाणं मात्र ज्यांनी पाहिलं, त्यांनी ते अगदी साधं सांगितलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खोपीची किल्ली लिंबाजीच्या हातात दिली, आणि पहिल्या नावेनं ती पलीकडे गेली.